कारखाना बंद, क्लब चालू

माझी येझदी पांढरा धूर मारायला लागली तो पावसाळा अजून लक्षात आहे. १९८४ सालची रोडकिंग, वडिलांकडून माझ्याकडे आलेली. सिग्नलला उभा राहिलो की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचं सोडून खोकायला लागायचा. टू-स्ट्रोक गाडी थोडाफार धूर मारणारच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हा धूर निळसर नव्हता. पांढराफटक होता, आणि दोन्ही सायलेन्सरांतून सारखाच निघत होता. गॅरेजवाल्याने दोन किका मारल्या, प्लग काढून पाहिला आणि निकाल दिला : "रिंग-पिस्टन गेलंय. बोअर करावं लागेल." आकडा ऐकला आणि गाडी तशीच धूर काढत घरी आणली.

पुढच्या रविवारी क्लबची नाश्त्याची राईड होती. गाडी त्या अवस्थेत न्यायची लाज वाटली, म्हणून मी दुसऱ्याच्या मागे बसून गेलो. कात्रजचा जुना घाट उतरून खेड शिवापूरच्या अलीकडे एका हॉटेलात मिसळ मागवली. आमच्यात एक काका आहेत, एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी, बोटांच्या पेरांत ग्रीस कायम. माझी कहाणी त्यांनी तर्रीत पाव बुडवत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

"गिअरचं तेल पाह्यलंस का?"

"नाही काका. तेलाचा काय संबंध?"

"घरी जा. लेव्हलचा स्क्रू काढ. तेल आलं नाही तर मला फोन कर."

घरी येऊन गाडी स्टँडवर सरळ उभी केली, स्क्रू काढला. एक थेंब आला नाही. तेल ओतून जेमतेम दोन महिने झाले होते आणि गाडीखाली फरशीवर डाग म्हणून नव्हता. मग एवढं तेल गेलं कुठे? फोनवर काकांचा आवाज थोडा खुशीत आल्यासारखा वाटला. "गाडी प्यायली रे. सील गेलंय डाव्या बाजूचं. पिस्टनला हात लावू देऊ नकोस कुणाला. पुलर माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. वहीत सही करावी लागेल."

हे प्रकरण समजून घ्यायला टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात थोडं डोकावायला हवं. अशा इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण थेट सिलिंडरमध्ये शिरत नाही. आधी ते खाली, क्रँक फिरतो त्या पेटीत येतं आणि तिथून वर ढकललं जातं. म्हणजे ही पेटी हवाबंद हवी. पण क्रँकची दोन टोकं तर तिच्यातून बाहेर आलेली असतात. जिथून ती बाहेर येतात तिथे रबराचं एकेक सील बसवलेलं असतं. जावा-येझदीत डाव्या सीलपलीकडे क्लच आणि प्रायमरी चेन असते, आणि ती गिअरबॉक्सच्याच तेलात डुंबत असते. वयोमानाने सील कडक झालं, की पिस्टन वर जाताना पेटीत जी ओढ तयार होते ती पलीकडचं तेल घोट-घोट शोषून घेते. ते जळतं आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. उजव्या सीलपलीकडे डायनॅमो असतो, तिथे तेल नाही. ते सील गेलं तर धूर येत नाही, नुसती हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते, तापते, आणि मालकाचं नशीब फिरलेलं असेल तर जाम होते. काकांनी हे सगळं एका ओळीत सांगितलं होतं : "धूर दिसला तर डावं, न दिसता पळाली तर उजवं."

गॅरेजवाला लबाड नव्हता. तो रोज फोर-स्ट्रोक गाड्या पाहतो. तिथे धूर म्हणजे बहुतेक वेळा रिंगा, कारण खाली तेलाची टाकी असते आणि झिजलेल्या रिंगांवरून ते तेल वर चढतं. टू-स्ट्रोकला खाली तेलाची टाकीच नाही. रिंगा झिजल्या तर पिकअप जाईल, किकेला दम राहणार नाही, पण असा पांढरा ढग उठायचा नाही. या दोन इंजिनांतला फरक हातात भिनलेली माणसं गॅरेजांतून कमी होत चालली आहेत. क्लबात ती अजून भेटतात.

मागच्या प्रकरणात आपण जुनी गाडी निवडली आणि घरी आणली. या प्रकरणात ती चालती ठेवायची आहे. त्यासाठी मालकांच्या क्लबाचं सभासद व्हा, असा सल्ला कोणीही देईल. सभासद झाल्यावर त्याचं करायचं काय, हे सहसा कोणी सांगत नाही.

सुरुवात कार्डापासून करू, कारण नव्या सभासदाचं लक्ष आधी तिकडेच जातं. यावर सूट काय मिळते? विम्यात एक सूट खरोखरच आहे. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५ टक्के सवलत ठेवली होती. चारचाकीला जास्तीत जास्त २०० रुपये आणि दुचाकीला जास्तीत जास्त ५० रुपये. पन्नास! तीही मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेच्या सभासदाला; गल्लीतल्या बुलेट ग्रुपला त्यातलं काही मिळत नाही. हेल्मेटच्या दुकानातली सूट, टायरवाल्याकडची सूट, टी-शर्ट, स्टिकर यांची बेरीज करून वर्गणी वसूल झाली का हे पाहणारा माणूस वर्षाच्या आत क्लब सोडतो. त्याचा हिशेब चुकलेला नसतो. त्या वहीत खरी जमेची बाजू लिहिलेलीच नसते.

ती कुठे लिहिलेली असते हे कळायला जावा-येझदीइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलीचं काम घेतलं आणि दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून नाव केलं जावा. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभा केला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं. सिलिंडर एकच, सायलेन्सर मात्र दोन. गिअरचा आणि किकेचा दांडा एकच : आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. नवख्याला ही गाडी चालू करता येत नसे, त्यामुळे ती चोरीलाही कमी जायची असं जुने मालक अभिमानाने सांगतात. गिअर टाकताना क्लच धरायला विसरलात तरी चालायचं, दांडा हलला की क्लच आतून आपोआप सुटायचा. अशी बरीच स्वतःची अक्कल असलेली गाडी होती ती.

नंतर १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. लिटरमागे जास्त पळणारी, तेल मिसळायची कटकट नसलेली. प्रदूषणाचे नियम १९९१ मध्ये आले, १९९६ मध्ये आणखी कडक झाले. त्याच वर्षी म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये महिंद्राच्या क्लासिक लेजेंड्स कंपनीने जावा हे नाव परत आणलं, २०२२ मध्ये येझदीही आणली. पण त्या पिथमपूरला बनणाऱ्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या आहेत. नाव तेच आहे, पण त्यांचा एक बोल्ट माझ्या रोडकिंगला चालेल या आशेवर कुणी बसू नये.

कारखाना बंद पडतो म्हणजे नुसत्या नव्या गाड्या थांबतात असं नाही. नकाशे अडगळीत जातात. साचे भंगारात जातात. ज्या माणसाला गिअरबॉक्समधल्या अमुक वॉशरची जाडी का बदलली हे ठाऊक होतं, तो निवृत्त होऊन गावी जातो. रस्त्यावर हजारो गाड्या उरतात आणि त्यांच्यामागे कोणी उरत नाही. ही पोकळी भरायला एकटादुकटा मालक पुरा पडत नाही, बाजाराला त्यात पैसा दिसत नाही. मग ती मालकांच्या टोळक्याला भरावी लागते.

इंग्लंडमध्ये हे किती दूर जाऊ शकतं ते पाहण्यासारखं आहे. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कंपनीने १९५५ मध्ये मोटरसायकली बनवणं थांबवलं. मालकांचा क्लब त्याआधीच, १९४८ मध्ये निघाला होता. कारखाना गेला, क्लब राहिला. सुटे भाग मिळेनात तेव्हा सभासदांनी भागभांडवल घालून सुट्या भागांची वेगळी कंपनीच काढली. नकाशे गोळा केले, भाग बनवून घेतले. शेवटी त्या भागांची यादी इतकी भरली की त्यांनी स्वतःच्याच मालातून एक अख्खी नवी ब्लॅक शॅडो उभी करून दाखवली. तिकडच्याच व्हिंटेज मोटर सायकल क्लबची गोष्ट वेगळी. १९४६ मध्ये निघालेल्या त्या क्लबाने बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या. अमुक नंबरचं इंजिन कोणत्या साली कारखान्यातून बाहेर पडलं याचा दाखला हा क्लब देतो आणि तिथलं वाहन नोंदणी खातं तो मानतं. आपल्या आरटीओने एखाद्या क्लबाचा कागद मानायचा म्हटलं तर, असो.

आपल्याकडे यातलं काय होतं? स्वतःची कंपनी वगैरे नाही, पण भोसरी आहे.

भोसरी एमआयडीसीत रबराचे भाग ओतून देणारे लहान कारखाने आहेत. फूटरेस्टचं रबर, टाकीला गुडघा टेकतो तिथलं पॅड, हेडलाइटच्या कडेची पट्टी, काय हवं ते बनवून देतील. अट एकच, साचा तुम्ही द्या. समजा साच्याला १२,००० रुपये पडतात आणि एका जोडीचं रबर ८० रुपयांचं आहे. मी एकटा गेलो तर माझी जोडी १२,०८० रुपयांना पडेल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. साठ जण जमले तर तीच जोडी २८० रुपयांना येते. आणि साचा क्लबाच्या मालकीचा राहतो, पुढची खेप नुसत्या रबराच्या भावात. गणित चौथीतलं आहे. पण साठ माणसांकडून आगाऊ पैसे गोळा करणं, नमुन्यासाठी कुणाच्या तरी गाडीचा न झिजलेला मूळ भाग मिळवणं, पहिल्या खेपेला रबर फार कडक निघालं म्हणून परत पाठवणं आणि शेवटी नागपूरच्या सभासदाला कुरिअर करणं हे गणितात कुठे येत नाही. ते कोणीतरी रविवार घालवून करतं. आमच्या क्लबात असे चार जण आहेत. त्यांची नावं कोणत्याही टी-शर्टावर नाहीत.

बाजारात भाग मिळतच नाहीत असं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर अजून म्हैसूरचा खरा माल हाताला लागतो, आणि नशीब नसेल तर जुन्या पुडीत घातलेला नवा लोकल माल. कंडेन्सर हे त्याचं ठरलेलं उदाहरण. दिसायला तोच, बसतोही नीट, आणि वीस किलोमीटर गेल्यावर, इंजिन पुरतं तापलं की दगा देतो. गाडी थंड झाली की पुन्हा चालू. मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो. कोणत्या दुकानातला घ्यायचा आणि कोणत्या दुकानातला फुकट दिला तरी नाही, ही माहिती क्लबात चहाच्या एका कपाला मिळते. हल्ली त्यात पेट्रोलची भर पडली आहे. २०२५ पासून पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या धाटणीचं रबर त्यात फुगतं. आमच्यात नुसत्या पेट्रोल कॉकमधल्या रबरावर तीन रविवार चर्चा झाली. त्यातून निघालेला शहाणपणा एवढाच, की गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा. लिटरला तेल ३० मिली घालायचं की ४०, हा वाद मात्र सुटलेला नाही. तो सुटू नये अशीच सगळ्यांची इच्छा दिसते. चाळीसवाल्यांचे सायलेन्सर कार्बनने तुंबतात आणि वर्षाला जाळून साफ करावे लागतात. तिसवाले दर चढाला मनातून धास्तावलेले असतात.

कागदपत्रांचं काम रुक्ष आहे, पण क्लबाने माझे सर्वांत जास्त पैसे तिथेच वाचवले. खाजगी दुचाकीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि पाच-पाच वर्षांनी पासिंग करून घ्यायचं. हा सरळ रस्ता. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुसरा एक रस्ता काढला : पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीला ५,०००. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. दिसायला झकास.

आमच्यातल्या एकाकडे १९६०च्या दशकातली जावा आहे. त्याने हा नंबर घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. क्लबात नियमांचा छापील कागद घेऊन एक वकील सभासद बसले आणि त्यांनी त्याला एकच कलम मोठ्याने वाचायला लावलं. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. हा माणूस तिच्यावरून रोज सकाळी दूध आणायला जातो. त्याने कागद घडी घालून परत दिला आणि साधं पासिंग करून घेतलं.

गाडी विकत घेण्याआधीही क्लबाचा उपयोग होतो, किंबहुना तेव्हा जास्त होतो. आरसी बुकातले इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का, अक्षरांची धाटणी कारखान्याची आहे की कुणी घरी बसून ठोकली आहेत, हे दहा गाड्या उघडलेल्या माणसाला एका नजरेत दिसतं. आपल्याला त्यावेळी टाकीचा रंग दिसत असतो.

आता रस्त्यावर या. अमेरिकेत बीएमडब्ल्यू मालकांची एक मोठी संघटना आहे, १९७२ ची. तिने सभासदांसाठी एक छोटी पुस्तिका काढली, खिशात मावणारी. तिचं नावच ‘अनामिक’ या अर्थाचं. तिच्यात मदत करायला तयार असलेल्या सभासदांचे गावोगावचे फोन नंबर असतात, नावं नसतात. नंबरापुढे खुणा : या माणसाकडे अवजारं आहेत, याच्या अंगणात तंबू ठोकता येईल, याच्याकडे गाडी वाहून न्यायला वाहन आहे. रात्री कुठल्याशा गावाबाहेर गाडी बंद पडली तर पुस्तिका उघडायची, जवळचं गाव शोधायचं आणि फोन करायचा. समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही त्याला ओळखत नाही. ओळख आहे ती गाडीची.

आमच्याकडे अशी छापील पुस्तिका नाही. पण वाईला कोण, कराडला कोण, चिपळूणला कोण, आंबोली चढायच्या आधी सावंतवाडीत कोण, हे ठाऊक असतं. पुणे-गोवा हा प्रवास येझदीवर करणं हे धाडस आहे की आचरटपणा यावर घरात मतभेद आहेत. वाटेत चार दारं उघडी आहेत हे माहीत असल्यामुळे मी तो तीनदा केला. एकदा निपाणीजवळ क्लचची वायर तुटली. फोनवर सांगितलेल्या पत्त्यावर पोचलो तर घरमालक कामावर गेलेले. त्यांच्या आईने, आजीच म्हणायला हव्यात, ओसरीवरच्या फळीवरून डबा काढून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा, यातली कुठली लागत्ये ती. आणि जेवल्याशिवाय जाऊ नका." डब्यात अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, ब्रेक अशा तिन्ही वायरी वेगवेगळ्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या.

घोळक्याने जाण्याचंही एक शास्त्र आहे. वीस गाड्या एकामागोमाग निघाल्या की दुसऱ्या सिग्नललाच त्यांचे तीन तुकडे होतात. मागे पडलेला गाठायला म्हणून पळवतो, आणि राईडमधले अपघात बहुधा इथेच होतात. त्यावर बाहेरच्या क्लबांनी शोधलेला एक साधा उपाय आम्ही उचलला. पुढच्या गाडीवरच्या माणसाला वाट माहीत असते. प्रत्येक वळणाला त्याच्या मागची दुसऱ्या नंबरची गाडी कडेला थांबते आणि येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवते. सगळे पुढे जातात, सर्वांत शेवटी स्वीप, म्हणजे मागची राखण करणारा, येतो, आणि मग थांबलेला त्याच्यापुढे रांगेत शिरतो. पुढच्या वळणाला आता नव्याने दुसऱ्या नंबरावर आलेला थांबतो. याने काय होतं? कुणालाच कुणाला नजरेआड न होऊ देण्याची गरज उरत नाही. मागचा स्वतःच्या वेगाने येतो, कारण वळणावर कोणीतरी उभं असणार याची खात्री असते. स्वीप मात्र नीट निवडावा लागतो. अवजारं त्याच्याकडे आणि संयमही त्याच्याकडेच. एक्स्प्रेस वेवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे आमच्या वाटा जुन्या हमरस्त्याने आणि घाटाने जातात. त्याची कुणाची तक्रार नाही.

कोणत्या क्लबात जावं? कंपन्यांचे स्वतःचे क्लब असतात. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये असा मालकांचा गट सुरू केला आणि जगभर शोरूमशी जोडून त्याच्या शाखा काढल्या. रॉयल एन्फिल्डचा गोव्यातला रायडर मेनिया, आताचा मोटोव्हर्स, हजारोंची गर्दी खेचतो. मजा असते तिथे, मी दोनदा जाऊन आलो. पण कंपनीच्या क्लबाला तुम्ही पुढची गाडी घ्यावी असं वाटत असतं, आणि मालकांच्या क्लबाला तुम्ही आहे ती टिकवावी असं. दोन्ही हेतू प्रामाणिक आहेत. तुमचा कोणता, ते आधी ठरवा.

मालकांच्या क्लबांतही तऱ्हा असतात. जॅकेटवर कुठला बिल्ला कुणी लावायचा यावर जिथे भांडणं होतात तिथून मी लांब राहतो. एखाद्या क्लबाबरोबर एक राईड फुकट करून पाहा आणि दोन गोष्टींवर नजर ठेवा. पंक्चर झाली तेव्हा किती जण थांबले? आणि थांबलेल्यांपैकी किती जण खाली बसले? उभं राहून सल्ला देणारे सगळीकडे मिळतात.

नव्या माणसाला वाटतं, मला काहीच येत नाही, मी यांना काय देणार. मलाही तसंच वाटायचं. सील बदलल्यानंतर मी बराच काळ, गाडी अडली की फोन आणि सुरळीत चालली की गायब, असा होतो. गरज सरो नि वैद्य मरो. कुणी बोललं नाही, पण एका रविवारी काकांनी नुसतं विचारलं, "काय रे, गाडी नीट चालत्ये वाटतं?" तेव्हा मिसळ घशाखाली उतरेना. पुढच्या महिन्यात मी स्वतःहून वही मागून घेतली. मला इंजिन येत नव्हतं, पण अक्षर बरं होतं.

ही वही म्हणजे क्लबाच्या अवजारांची नोंद. पाना-पक्कड प्रत्येकाकडे असते. पण क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसलेलं स्प्रॉकेट ओढून काढायला ठरावीक आट्यांचा पुलर लागतो. तो नसला की गॅरेजात छिन्नी-हातोडा निघतो आणि हजार रुपयांच्या कामात क्रँक जातो. आमचा पुलर काकांनी कारखान्यात असताना लेथवर स्वतः काढलेला. वर्षातून दोनदा प्रत्येकाला लागतो, म्हणून साठ जणांना एक पुरतो. वहीत लिहायचं ते असं : कोणी नेला, कधी नेला, कोणत्या कामाला आणि आत काय सापडलं. शेवटचा रकाना मी घातला. आता त्या रकान्यात अकरा वर्षांच्या नोंदी आहेत : कुठल्या कंपनीचं सील किती टिकलं, कुणाच्या गाडीत कोणतं बेअरिंग चाललं, कुणी वॉशर उलटा टाकला होता. नवा माणूस आला की काका हल्ली त्याला उत्तर देत नाहीत. "वहीत बघ," म्हणतात.

जुलैतला दुसरा रविवार हा जावा दिवस. देशात ठिकठिकाणी मालक गाड्या घेऊन जमतात. पुण्यात हा दिवस कोणी ठरवला असता तर नक्की जुलैत ठरवला नसता : सहा व्होल्टची बॅटरी, उघडे पॉइंट आणि वरून धो-धो पाऊस. गेल्या वर्षी दीडदोनशे गाड्या जमल्या आणि त्यातल्या बऱ्याच ढकलून चालू कराव्या लागल्या. गर्दीत एक विशी-बाविशीचा मुलगा आजोबांची येझदी घेऊन आला होता. रेनकोट नाही, चप्पल घातलेली, चेहरा रडवेला. मागे पांढरा ढग.

"मेकॅनिक म्हणतोय बोअर करावं लागेल," तो म्हणाला.

"गिअरचं तेल पाह्यलंस का?" मी विचारलं.

त्याला पुलर हवा होता. मी वही उघडली. पुलर कराडला होता, बुधवारी येणार होता. मी त्याचं नाव खालच्या ओळीत लिहिलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.